मोगऱ्याच्या कुंडीत

१ सप्टेंबर २०२४, रविवार

"माझ्या आईच्या कुंड्यांना हात लावायचा नाही."

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सात वर्षांची ऋतुजा मागच्या दारात उभी राहून मला हे म्हणाली. फ्रॉकचा पट्टा सुटलेला, हातात अर्धा खाल्लेला लाडू. तिच्या मागे भिंतीलगत पाच कुंड्या होत्या. मी म्हणाले, "नाही लावणार." आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

याला आता अठरा वर्षं झाली. मी शब्द पाळला. तिची आई रुपाली माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेली होती, मी तिला फोटोतच पाहिलंय. कुंड्यांना पाणी माझे यजमान अभिमन्यू घालायचे, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपला जायला निघायच्या आधी. चार कुंड्या हळूहळू गेल्या. कुणाला तडा गेला, एक माकडांनी पाडली. राहिली ती मोगऱ्याची, सिमेंटची, गुडघ्याच्या वर येणारी. एकदा वादळात शेजारचा पत्रा उडून तिच्यावर आदळला आणि ती आडवी झाली. मुळं उघडी पडली. मी टॉवेल ओला करून मुळांवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिले. उचलली त्यांनीच, घरी आल्यावर. हसून म्हणाले, "विजू, टॉवेल चालतो वाटतं शब्दात?"

मार्चमध्ये ते गेले. त्याआधी महिनाभर मी दवाखान्यातच होते. आत्यांना (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात) करकंबला पुतण्याकडे ठेवलं होतं. घराला कुलूप. तेवढ्यात मोगरा वाळला.

ऋतुजा हिमाचलात नग्गरला असते, सफरचंदाच्या बागांचं काम बघते. बर्फानं रस्ता बंद झाला होता. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती मागच्या दारी गेली आणि मोगऱ्याला पाणी घालत बसली. जितके दिवस राहिली तितके दिवस घातलं. एकदा नखानं खोडाची साल खरवडून मला म्हणाली, "बघा मावशी, आत हिरवं आहे." मला तपकिरी दिसलं. मी म्हणाले, "हो."

जाताना म्हणाली, "काढू नका. फुटेल." आणि टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली. "बाबांनी मागितलं होतं."

कोलंबाईनचं बी. तिच्या घरमालकिणीच्या दगडी कुंपणाशी ती फुलं येतात. गेल्या वर्षी व्हिडिओवर तिच्या मागे त्यांना दिसली. जांभळी, मान खाली घातलेली, मागच्या बाजूला पाच वाकड्या चोची. म्हणाले, "हे काय गं, घंटा उलटी टांगलीये का? बी पाठव, आपण लावू." ती म्हणाली, "बाबा, सोलापुरात?" ते म्हणाले, "तू वाढलीस ना सोलापुरात. तेही येईल."

पुडी सहा महिने कपाटात होती. आज काढली. म्हणून ही वहीही काढली.

मनात आहे ते इथं तरी लिहावं. फुलं आली तर ती येईल. वडलांनी मागितलेली फुलं बघायला तरी येईल. नुसत्या मावशीकडे यायला तिला काय कारण आहे?


४ सप्टेंबर

या बियांना आधी थंडी द्यावी लागते. हिवाळा गेला असं त्यांना वाटलं तरच त्या उगवतात. आपल्याकडे हिवाळा फ्रीजमध्ये. सुती कापड ओलं करून त्यात बी गुंडाळलं, पुरचुंडी डब्यात ठेवली. महिनाभर.

बी अगदी बारीक, काळं, चकचकीत. तळहातावर घेतलं तर मुंग्यांसारखं दिसतं.


८ सप्टेंबर, रविवार

विजापूर रोडच्या निंगप्पाच्या रोपवाटिकेत माती आणायला गेले. काय लावणार विचारलं. फोटो दाखवला. त्यानं फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत दिला.

"मॅडम, हे हितं येत न्हाय."

"थंडीत तरी?"

"थंडीत येईल बी. पुढं? एप्रिलात हितं माणसं वाळतात की. सदाफुली न्या."

सदाफुली नेली नाही. माती घेतली.


१५ सप्टेंबर, रविवार

ऋतुजाचा फोन. आता दर रविवारी येतो. बियांची चौकशी.

"फ्रीजच्या दारात नका ठेवू, मावशी. आत ठेवा, खालच्या खणात."

"बरं."

"कापड चिंब नको, कोरडंही नको."

"बरं."

"जेवलात का?"

"हो."

"काय केलं होतं?"

म्हटलं, भाकरी आणि दोडका. मग म्हणाली, "माझी शेंगाचटणी संपली."

"तिकडे शेंगा मिळतात की."

"मिळतात," ती म्हणाली आणि फोन ठेवला. घाईत असावी.


२९ सप्टेंबर, रविवार

घटावरून भावकीत बोलणी झाली. घरात वर्ष झालेलं नाही, यंदा घट नको, असं करकंबच्या लोकांचं म्हणणं. आत्यांनी फोनवरच सगळ्यांना गप्प केलं. "लेक माझा गेलाय. देवी कुटं गेलीय? तिला काय उपाशी ठिवू?"

तेव्हा घट बसणार. धान्य सवाष्णीच्या हातानं पेरायचं म्हणून इंद्रजीतची बायको उत्कर्षा येईल. इंद्रजीत म्हणजे यांचा चुलतभाऊ.

बियांचा महिना गुरुवारी भरतो. त्याच दिवशी घटस्थापना. शाळेत शिकवून आले की वाफ्यात टाकीन. निंबाखाली उत्तरेच्या भिंतीला गार जागा केली आहे.


३ ऑक्टोबर, गुरुवार

राग आलाय की आणखी काही, कळत नाही.

सकाळी उत्कर्षा आली तेव्हा मी शाळेला निघाले होते. थांबले असते तरी कुठं उभं राहायचं ते ठरवावं लागलं असतं. दुपारी आले. देवघरात घट बसला होता, माळ चढली होती, पत्रावळीवर मातीची वेटोळी. मातीवर गहू पसरला होता आणि गव्हात बारीक काळं काहीतरी चमकत होतं.

फ्रीज उघडला. डबा रिकामा. कापड धुऊन तारेवर वाळत घातलेलं.

उत्कर्षा घाबरली. "अक्का, आत्याबाई म्हणाल्या की फ्रीजमध्ये पुरचुंडी आहे, तीपण घाल. मला वाटलं तुम्ही घटासाठीच भिजवलंय."

आत्या पलंगावर बसून वाती वळत होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. "वल्या फडक्यात बांदून ठिवल्यालं बी, नवरात्राच्या तोंडावर. दुसरं काय समजायचं मी? मला वाटलं कारळं हाय. म्हनलं, सून शानी झाली, आठवनीनं भिजवलं."

मी म्हणाले, "आत्या, ते यांचं बी होतं. ऋतुजानं आणलेलं. यांनी मागितलेलं." आवाज चढला माझा. या घरात पहिल्यांदा.

आत्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "अभ्याचं व्हतं व्हय ते."

थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "मग देवीजवळच गेलं की. वाईट काय झालं?"

माती उकरून बी वेचता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. बसलेला घट हलवत नाहीत. दसऱ्यापर्यंत नाही.


६ ऑक्टोबर, रविवार

फोनवर तिला सांगितलं नाही. "पेरलं का?" तिनं विचारलं. म्हटलं, "पेरलं." खोटं नव्हतं.

"मावशी, दिवाळीला मला रजा मिळेलसं वाटत नाही."

"असू दे."

"तुम्हीच या ना इकडे. आजीलापण घेऊन."

तोंडदेखलं म्हणावं लागतं माणसाला. मी म्हटलं, "आजीला एवढा प्रवास झेपतो का? आणि माझी शाळा."

"हो, शाळा आहे," ती म्हणाली.


१२ ऑक्टोबर, दसरा

गहू वीतभर वाढला, अंधारातला, पिवळाधमक. बाकी काही नाही. ते इतक्यात उगवणारही नव्हतं. आत्यांनी घट उठवला, गव्हाचे तुरे देवाला वाहिले, एक माझ्या कानामागे खोवला. मला वाटलं नव्हतं, खोवतील. त्यांच्या बोटांना हळदीचा वास होता.

मी म्हटलं, घटाची माती मला द्या, वाफ्यात टाकते. त्यावर त्या म्हणाल्या, "टाकली की सकाळीच. घटाची माती पायदळी पडू नये."

"कुठं टाकली?"

"त्या मोगऱ्याच्या कुंडीत. मोकळीच हुती."

मागे जाऊन पाहिलं. वाळक्या मोगऱ्याच्या बुडाशी काळी, भुसभुशीत माती, तिच्यात गव्हाची पांढरी मुळं. त्याच मातीत ते बी आहे. मी कुंडीपासून हातभर अंतरावर उभी राहिले. हात पुढं करायचा, ओंजळभर माती उचलायची, वाफ्यात नेऊन टाकायची. एवढंच काम होतं.

आत्या दारातून बघत होत्या. "काय गं, देवळात आल्यावानी उभी ऱ्हायलीस?"

"ऋतुजानं सांगितलंय, हात लावायचा नाही."

"कवा?"

मी सांगितलं, कधी ते.

आत्या हसल्या. तोंडात दात नसल्यामुळे त्यांचं हसू लहान मुलीसारखं दिसतं. "ती पोरगी लेकरू हुती तवा बोलली. बोलून खेळायला गेली आसंल. तू हितंच उभी हायस अजून."

मला ते आवडलं नाही. खेळायला गेली असेल, कुणी पाहिलंय? मी तर तिचे डोळे पाहिले होते.


२० ऑक्टोबर, रविवार

नळाला पाणी आज आलं, पाचव्या दिवशी. भरून झाल्यावर आत्यांना म्हटलं, कुंडीत तांब्याभर घाला. त्या घालतात. मी तांब्या भरून देते, हात त्यांचा. हे हास्यास्पद आहे, मला माहीत आहे.


१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आकाशकंदील नाही, फराळ नाही. शेजाऱ्यांनी ताट आणून दिलं, यंदा तशीच रीत. ऋतुजा आली नाही. तिची खोली झाडून ठेवली होती.


१७ नोव्हेंबर, रविवार

उगवलं.

पहाटे चांगलं गार होतं. आत्या मागच्या दारातून ओरडल्या, "विजे, मोगऱ्याखाली कोतमीर आलीय बग! आमटीत घालू का?"

अशी धावले की चप्पल घालायची राहिली. आत्यांच्या चिमटीत एक पान होतंच. "आत्या, नका!"

"बया! एक पान घेतलं तर एवढी बोंब?"

तीन रोपं. पानं खरंच कोथिंबिरीसारखी, पण गोलसर, कडेला नक्षी, हिरव्यावर राखाडी झाक. गवतातून कुणी डोकं वर काढून बघावं तशी. मी खाली बसले. जमिनीवर दोन्ही हात टेकले आणि बघत राहिले. हे गेल्यावर दवाखान्यात, घरात, कुठंच मला नीट रडू आलं नव्हतं. आज आलं. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तोडलेलं पान त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं.

फोटो काढला. जवळून, फक्त पानं येतील असा. कुंडीची कड येऊ दिली नाही. ऋतुजाचा लगेच फोन आला. "मावशी, खरंच? सोलापुरात? मावशी!" मग म्हणाली, "बाबांना दाखवायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं.

दोघी कितीतरी वेळ फोन धरून होतो. बिल तिचं चढतं म्हणून शेवटी मीच ठेवला. नंतर आठवलं, आता बिल चढत नाही.


२४ नोव्हेंबर, रविवार

"कुठं लावलीत? वाफ्यात?"

"मागेच आहेत."

"सावली आहे ना? आणि एकदा उगवली की हलवू नका हं. त्याचं मूळ खोल जातं, उपटलं की मरतं."

"नाही हलवणार."

"मोगरा कसा आहे?"

तिला संशय आला असेल का? "आहे तसाच," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "असू दे तसाच."


८ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. वांगी रंगाचा स्वेटर काही सापडत नाही. आईनं विणलेला नव्हे, तो तर कधीच विरला. नवी पेठेतून घेतलेला, दर हिवाळ्यात घालते तो. मार्चमध्ये इतकी माणसं घरात होती, कुणाच्या तरी पिशवीत गेला असेल. त्या दिवसांत माझ्या खोलीत माझ्याशिवाय फक्त ऋतुजा झोपायची. पाहुणे फार, म्हणून बिचारीला माझ्या गादीशेजारी चटई टाकावी लागली. तिची स्वतःची खोली आत्यांच्या माहेरच्यांना दिली होती. ते चौथ्या दिवशी गेले, पण हिची चटई तिथंच राहिली. उचलायला कुणाला सुचलं नसेल.


२२ डिसेंबर, रविवार

आज व्हिडिओ लावला तिनं. मागे खिडकीत बर्फ. नाक लाल झालं होतं. जाड जॅकेट, आत वांगी रंगाचं काहीतरी, गळ्यापर्यंत. तिकडेही तो रंग मिळतो म्हणायचा. तिला शोभतो.

रोपं दाखवा म्हणाली. मी फोन असा धरला की तिला पानंच दिसतील. आता चांगली बोटभर झाली आहेत, पानं दुहेरी, नाजूक. ती बघत राहिली. मी म्हटलं, "मार्चपर्यंत फुलं येतील ना गं? बाबांच्या वर्षश्राद्धाला?"

"मावशी, पहिल्या वर्षी नाही येत याला फुलं. मध्ये एक हिवाळा पुरा जावा लागतो. पुढच्या वर्षी."

"तुला माहीत होतं?"

"हो. पहिल्यापासून."

फोन ठेवल्यावर हिशेब लागेना. पुढचं वर्ष म्हणजे मधे एप्रिल आणि मे. निंगप्पा म्हणाला होता ते. या रोपांना सोलापूरचा उन्हाळा काढता येणार नाही हे ती शेतकी शिकलेली मुलगी जाणतेच. फुलं येणार नाहीत हे तिला सप्टेंबरपासून ठाऊक आहे. मग दर रविवारी फोन करून काय विचारत होती? वडलांची सवय असावी. तेही जेवण झालं का, हे दिवसातून तीनदा विचारायचे, उत्तर माहीत असून.

फुलं नाहीत तर ती मार्चला कशासाठी येईल?


१४ जानेवारी २०२५

आज संक्रांत. गावात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी, सगळे रस्ते बंद. शाळेला सुट्टी. आत्यांना यंदा जत्रेतले नंदीध्वज बघायला न्यायचं नाही, सुतकाचं वर्ष. त्या उन्हात बसून गाठ सोडून ते वाळलेलं पान बघत होत्या. मला म्हणाल्या, "ह्याला वास न्हाय गं."

"नसतोच आत्या."

"अभ्याला वासाचं लई याड. बारका असताना मोगऱ्याची फुलं खिशात भरून साळंत जायचा. मास्तर मारायचं." मग म्हणाल्या, "रुपालीनं मोगरा लावला तो त्याच्यासाठीच."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिला आवडायचा.


१९ जानेवारी, रविवार

एक रोप पडलं. काल सरळ होतं, आज आडवं. आत्यांनी उचलून माझ्या हातात दिलं, मूळच नव्हतं, कुरतडलेलं. मग मी वाकून पाहिलं. मोगऱ्याच्या खोडावर बुडापासून वर मातीच्या बारीक नळ्या चढल्या आहेत. वाळवी. वाळकं लाकूड सापडलं आणि आता तिथून सगळीकडे निघाली आहे.

निंगप्पाला फोटो पाठवला. त्याचा फोन आला. "औषध मारा, पन उपयोग दोन दिसांचा. त्ये वाळकं खोड मुळासकट काडा मॅडम. घर त्यांचं तितं हाय. न्हाय काडलं तर उरल्याली दोन बी जातील."

"काढता येणार नाही."

"का? लई जड हाय का? पोरगं पाठवू?"

"जड नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन. सांगायचं ठरवलं होतं. त्याआधी तीच म्हणाली, "मावशी, वर्षश्राद्धाचं मला अजून नक्की सांगता येत नाही."

"रजा नाही का?"

"रजेचं नाही. तिथं येऊन... बाबा नाहीत तर मला त्या घरात कुठं बसायचं तेच कळत नाही."

मी काय बोलणार? घर तिचं. मी अठरा वर्षं त्यात राहिले म्हणून तिला बसायला जागा उरली नाही, असंच ना? म्हटलं, "तुला बरं वाटेल तसं कर."

ती म्हणाली, "तुम्ही 'ये' म्हणालात तर..." आणि रेंज गेली, की तीच थांबली. मी हॅलो हॅलो म्हणत होते. पुन्हा लागला तेव्हा दुसरंच बोलली, आजीच्या डोळ्यांचं.

वाळवीचं राहून गेलं.


२२ जानेवारी

औषध मारलं. म्हणजे पंप मी धरला, नळी आत्यांनी. वाळवीच्या नळ्या पुन्हा चढल्या.

आत्या म्हणाल्या, "सर बाजूला. मी उपटते. मी कुनाला शब्द दिल्याला न्हाय." आणि खरंच दोन्ही हातांनी खोड धरलं. त्यांच्या हातांच्या शिरा आणि ते खोड, एकाच रंगाचं दिसत होतं.

"नको, आत्या."

"त्याच्यासाठी लावल्याला मोगरा त्याच्यामागं गेला. त्यानं मागितल्यालं बी आलंय, ते बी जाऊ द्यायचं? त्या पोरीचं एक बोलनं धरून?"

"तिला विचारल्याशिवाय नको."

"मग इचार की! जीभ हाय का न्हाय तुला? ती तिकडं गप, तू हिकडं गप. माझा लेक मधी हुता तवर निभलं. आता मी मरायच्या आत बोला म्हनावं एकदा."

त्यांनी हात काढला. तळव्याला वाळवीची माती लागली होती. पदरानं पुसली आणि आत गेल्या, दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.


२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन उरकून आले. रोपं दोनच आहेत. एकाची खालची पानं पिवळी पडली. कदाचित मुळापर्यंत पोचली असेल वाळवी, कदाचित नाही.

तिचा फोन संध्याकाळी येतो. फोनवर मला बोलता येणार नाही, मी "बरं" आणि "असू दे" म्हणत राहीन. म्हणून आत्ताच लिहून पाठवणार आहे. आधी इथं लिहून बघते.

ती नको म्हणेल. मला तिचा तो आवाज येतो आहे, "असू दे तसाच." त्या वाळक्या खोडात तिला अजून हिरवं दिसतं, आणि तिला ते दिसत असेल तर माझ्या तपकिरी दिसण्याला काय किंमत आहे? आईची शेवटची वस्तू आहे ती. मी तिच्या जागी असते तर मीही नको म्हणाले असते. आणि ती नको म्हणाली तर मी खोड ठेवीन, रोपं जाऊ देईन. तेही कबूल आहे. एप्रिलमध्ये ती जायचीच आहेत.

तरी विचारते.

ऋतुजा,

बाबांनी मागितलेलं कोलंबाईन वाफ्यात नाही, तुझ्या आईच्या कुंडीत उगवलं आहे. मी पेरलं नाही. आजीनं बी घटात घातलं आणि घटाची माती त्या कुंडीत टाकली. तुला फोटो पाठवायचे तेव्हा मी कुंडी दिसू दिली नाही.

मोगरा फुटला नाही. तू खरवडलंस तेव्हा मला आत हिरवं दिसलं नव्हतं, तरी मी हो म्हणाले. आता त्याला वाळवी लागली आहे. तीन रोपांतलं एक गेलं. खोड मुळासकट काढलं तर उरलेली दोन थोडे दिवस राहतील. फुलं येणार नाहीत, ते तू सांगितलंस. पण पानं सुंदर आहेत. तू मार्चला आलीस तर तुला बघायला मिळतील. बसायला जागा आहे. माझ्या गादीशेजारी तुझी चटई मी अजून उचललेली नाही.

पहिल्या दिवशी तुला दिलेला शब्द मी मोडला नाही. आजी आणि निंगप्पा दोघंही काढायला तयार आहेत, पण ते मला दुसऱ्या कुणाच्या हातून नको आहे.

तुझ्या आईच्या कुंडीला मी हात लावू का?